मीम, लाम, काफ आणि अंदाज न करणारा कंपायलर

मीम, लाम, काफ. ही तीन अक्षरं उर्दूत सलग लिहिली तर काय वाचायचं? ‘मुल्क’ वाचलं तर देश, ‘मलिक’ वाचलं तर राजा, ‘मलक’ वाचलं तर फरिश्ता आणि ‘मिल्क’ वाचलं तर मालमत्ता. लिखाण चारही शब्दांचं एकच. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने ते वाक्यावरून ठरवायचे असतात. ‘आमच्या या ... मध्ये अनेक भाषा बोलल्या जातात’ असं वाक्य असेल तर तिथे मुल्कच येणार. वाक्यावरून ठरत नसेल तर लिहिणाऱ्याने अक्षराच्या वर किंवा खाली जेर, जबर, पेश द्यायचे. या खुणांना एराब म्हणतात. थोडक्यात नियम असा: वाक्य सांगत असेल तर खूण नको, सांगत नसेल तर खूण हवीच.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे या नियमाशी माझी रोजची गाठ आहे. पण तो माणसांपेक्षा काटेकोरपणे पाळणारं एक यंत्र आहे. ते म्हणजे ‘रस्ट’ या संगणकीय भाषेचा कंपायलर. आपण लिहिलेला प्रोग्राम वाचून, तपासून, यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा जो प्रोग्राम असतो त्याला कंपायलर म्हणतात. रस्टचा कंपायलर नियमांची सांगड कशी घालतो आणि ती बरोबर घालतो की नाही हे कसं तपासलं जातं, हा तसा संगणक अभियंत्यांचा विषय. जव्हार-मोखाड्यातल्या भाषाशिक्षिकेने त्यात का पडावं? कारण त्यातून मला आपल्या परीक्षांबद्दल आणि आपल्या अर्जांबद्दल काही म्हणायचं आहे. माझं म्हणणं असं आहे: जे ठरत नाही तिथे अंदाज न करणं हे एक कौशल्य आहे. ते शिकवावं लागतं आणि त्याची वेगळी चाचणीही घ्यावी लागते. आपण ती घेत नाही. उलट अंदाजाला गुण देतो.

आधी कंपायलर काय करतो ते पाहू. रस्ट भाषा ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये स्वतःच्या हौसेने सुरू केली, पुढे मोझिला कंपनीने तिला आधार दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची १.० आवृत्ती आली. या भाषेत ‘ट्रेट’ नावाची एक गोष्ट असते. ट्रेट म्हणजे करार. ज्या प्रकारच्या वस्तूने हा करार केला तिला अमुक एक काम करता आलंच पाहिजे, असं तो सांगतो. ही कल्पना हॅस्केल भाषेतल्या ‘टाइप क्लास’वरून आली. फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी ती १९८९ मध्ये मांडली होती.

आता या कराराचे दोन तऱ्हांचे तपशील असू शकतात. ते आपल्या भागातल्या उदाहरणाने सांगते. खोडाळा हे गाव घ्या. खोडाळ्याचा तालुका कोणता? मोखाडा. दुसरं उत्तर नाही. गाव कळलं की तालुका आपोआप कळतो, वेगळा सांगावा लागत नाही. कराराला असा एकच तपशील कायमचा जोडलेला असतो तेव्हा त्याला ‘असोसिएटेड टाइप’ म्हणतात. पण ‘खोडाळ्याहून गाडी पकड’ असं मी म्हटलं तर? मोखाड्याची की जव्हारची की कसाऱ्याची? गाव एकच आणि गाड्या अनेक. इथे ‘कुठे’ हे सांगावंच लागतं. अशा, एकाच गावासाठी अनेकदा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या तपशिलाने करता येणाऱ्या करारांना ‘जेनेरिक ट्रेट’ म्हणतात.

भाषेच्या शिक्षकाला हे दुसऱ्या रीतीनेही कळतं. मराठीत नाम आलं की त्याचं लिंग सोबत येतं. ‘पुस्तक’ म्हटलं की ते नपुंसकलिंगी, वेगळं विचारायला नको. ‘चांगला’ हे विशेषण मात्र तिन्ही लिंगांत चालतं: चांगला, चांगली, चांगलं. त्याचं रूप शेजारच्या नामावरून ठरतं. नामाचं लिंग हा जोडलेला तपशील आणि विशेषणाचं रूप हा बदलता तपशील. नुसतं ‘चांगल...’ एवढंच लिहून ठेवलं आणि पुढे नामच नसेल, तर शेवटचा स्वर कोणता घालायचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

कंपायलरचं काम हेच. प्रोग्राममध्ये हजारो ठिकाणी ‘गाडी पकड’ असं लिहिलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी मागचं-पुढचं वाचून कोणता करार लागू आहे ते त्याने शोधायचं. एक सापडला तर काम पुढे. एकही सापडला नाही तर चूक दाखवायची. दोन सापडले आणि निवडायला आधार नसेल, तर थांबायचं. या थांबण्यालाही क्रमांक आहे: ई०२८३. त्याचा आशय इतकाच की माहिती अपुरी असल्यामुळे निवड निःसंदिग्धपणे करता येत नाही, प्रकार सांगा. उर्दूच्या भाषेत बोलायचं तर एराब द्या.

पण कंपायलर हाही माणसांनी लिहिलेला प्रोग्राम आहे. तो खरंच थांबतो का, हे कसं कळणार? इथून माझ्या आवडीचा भाग सुरू होतो, कारण ही प्रश्नपत्रिका काढण्याची कला आहे.

रस्टच्या कंपायलरसोबत हजारो छोट्या चाचणी-प्रोग्रामांचा संग्रह आहे आणि तो कुणालाही वाचता येतो. त्यातला मोठा भाग मुद्दाम चुकीच्या प्रोग्रामांचा आहे. म्हणजे कंपायलरने ते नाकारले तरच तो पास. एखादा प्रोग्राम त्याने गोड मानून पुढे ढकलला, तर नापास. चुकीच्या ओळीशेजारी खूण केलेली असते की त्रुटी नेमकी इथे दिसली पाहिजे. बाजूच्या फायलीत त्रुटीचा अपेक्षित मजकूर अक्षर न् अक्षर लिहून ठेवलेला असतो. नकार दिला पण चुकीच्या कारणाने दिला, तरी नापास. कारण बरोबर पण बोट चुकीच्या ओळीकडे, तरी नापास.

आपल्या गावांच्या उदाहरणावर अशी प्रश्नपत्रिका काढायची तर ती कशी असेल? पहिला प्रश्न सोपा: गाव खोडाळा, तालुका सांग. उत्तर आलं पाहिजे. दुसरा प्रश्न: खोडाळ्याहून गाडी पकड, पुढे काही सांगितलेलं नाही. इथे उत्तर आलं तर नापास, थांबला तर पास. तिसरा प्रश्न उलटा: तालुका मोखाडा, तर गाव कोणतं? गावावरून तालुका कळतो म्हणून तालुक्यावरूनही गाव कळेल असं घाईत वाटतं. कळत नाही, कारण मोखाडा तालुक्यात गावं अनेक. असोसिएटेड टाइपवरून उलट दिशेने मूळ प्रकार काढता येत नाही आणि कंपायलर तसं करत नाही ना, हे तपासावंच लागतं.

चौथा प्रश्न नियमांच्या टकरीचा. समजा एक नियम लिहिला: ‘डोंगरावरच्या सर्व गावांना ही योजना लागू.’ दुसरा लिहिला: ‘नदीकाठच्या सर्व गावांना तीच योजना, पण वेगळ्या अटींवर.’ डोंगरावरही आणि नदीकाठीही असलेल्या गावाचं काय? रस्टचा कंपायलर हे दोन नियम एकत्र राहूच देत नाही. असं गाव आज यादीत नसलं तरी उद्या येऊ शकतं, म्हणून तो आजच अडवतो. या त्रुटीचा क्रमांक ई०११९.

भाषेत आपण अशी दुहेरी खाती चालवून घेतो. ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ दोन्ही मराठीत आहेत आणि अर्थाची छटा वेगळी आहे. ‘बाग’ कुणाची तो असते, कुणाची ती. व्याकरणकारांनी टकरींवर उपायही शोधले. पाणिनीने सांगून ठेवलं की सारख्या बळाचे दोन नियम भिडले तर परचा नियम चालतो. तो ‘पर’ म्हणजे ग्रंथात नंतर आलेला, असा अर्थ परंपरेने लावला. ऋषी राजपोपट यांनी २०२२ मध्ये केंब्रिजच्या प्रबंधात तो शब्दाच्या उजव्या बाजूला लागू होणारा असा लावला आणि त्यावरून विद्वानांत वाद झाला. सामान्य नियमाला विशेष नियमाने बाजूला सारायचं, हा उत्सर्ग-अपवादाचा मार्गही आपल्याकडे जुना आहे. रस्टमध्येही ‘स्पेशलायझेशन’ या नावाने तो आणायचा प्रयत्न झाला. पण विशेष नियम निवडताना कंपायलरच्या सुरक्षिततेच्या हमीलाच भगदाड पडतं असं दिसलं, त्यामुळे ती सोय वर्षानुवर्षं प्रयोगशाळेतच राहिली आहे. टकरीत एक बाजू निवडण्यापेक्षा टक्कर दाखवून थांबणं त्यांनी पसंत केलं.

पाचवा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येकाला ओळखीचा वाटेल. रहिवासी दाखल्यासाठी रेशन कार्ड आणा. रेशन कार्डासाठी रहिवासी दाखला आणा. करारांतही अशी साखळी होते: हे सिद्ध करायला ते हवं, ते सिद्ध करायला पुन्हा हे हवं. कंपायलर अशा फेऱ्या मोजतो. ठरावीक मर्यादा आहे, एरवी १२८. ती ओलांडली की तो ई०२७५ दाखवतो आणि कोणती अट फिरून फिरून येते तेही सांगतो. ही मर्यादा खरोखर पाळली जाते का, याच्याही चाचण्या आहेत. खिडक्या-खिडक्यांवरून फिरणाऱ्या माणसाच्या फेऱ्या मात्र कुणी मोजत नाही.

या संग्रहातली मला सर्वात जास्त भावलेली गोष्ट म्हणजे ‘नोन बग’ अशी खूण असलेल्या चाचण्या. कंपायलरमध्ये जे दोष आहेत आणि अजून सुधारता आलेले नाहीत, त्यांचेही छोटे प्रोग्राम तिथे ठेवलेले आहेत, दोषाच्या क्रमांकासह. उदाहरणार्थ २५८६० क्रमांकाचा दोष २०१५ मध्ये नोंदवला गेला आणि पुढे अनेक वर्षं सुटला नाही. नाकारायला हवा असा प्रोग्राम त्या फटीतून आत येऊ शकतो. तो लपवलेला नाही. ज्या दिवशी कुणाच्या बदलामुळे तो सुटेल, त्या दिवशी हीच चाचणी वेगळं उत्तर देऊन ते कळवेल. आपल्या शाळांच्या तपासणी-अहवालात ‘हा दोष माहीत आहे, अजून सुटलेला नाही’ असा रकाना मी कधी पाहिलेला नाही.

सध्या या कंपायलरचं करार सोडवणारं इंजिनच बदललं जात आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या १.८४ आवृत्तीपासून नियमांची टक्कर तपासण्याचं काम नव्या इंजिनाकडे गेलं. बाकीचं काम जुन्याकडे असताना अनेक चाचण्या दोन्ही इंजिनांवर चालवून पाहतात. प्रश्नपत्रिका एकच, परीक्षार्थी दोन. दोघांची उत्तरं वेगळी आली की बसून बघायचं, चूक जुन्याची की नव्याची.

एवढं वाचून कंपायलर कधीच अंदाज करत नाही असं वाटेल. तसं पूर्ण खरं नाही, आणि ही बाजू सांगितल्याशिवाय पुढचं म्हणणं अर्धवट राहील. दोन उमेदवार असले तर तो थांबतो. पण काही ठिकाणी उमेदवार एकच असेल, तर तोच धरून पुढे जातो. जुलै २०२४ मध्ये रस्टची १.८० आवृत्ती आली तेव्हा याचा फटका बसला. तारीख-वेळ हाताळणारी ‘टाइम’ नावाची एक लायब्ररी खूप प्रोग्रामांत वापरली जाते. तिच्या एका ओळीत ‘हे सगळं गोळा करून एका डब्यात भर’ असं लिहिलं होतं आणि डबा कोणत्या प्रकारचा ती जागा रिकामी सोडली होती. तोपर्यंत त्या कामाला डबा एकाच तऱ्हेचा होता, म्हणून कंपायलर तो मुकाट धरत असे. १.८० मध्ये अक्षरांचा मजकूर भरता येईल असा दुसऱ्या तऱ्हेचा डबा आला. दोन उमेदवार झाले आणि काल चालणारी ओळ आज अडली: प्रकार सांगा. लायब्ररीची सुधारलेली आवृत्ती आधीच निघाली होती, पण जुन्या आवृत्तीला बांधलेले प्रोग्राम अडकले आणि लोक वैतागले.

ओळीत काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते भोवतालचं जग. ‘एकच उमेदवार दिसतो’ आणि ‘एकच उमेदवार आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्टवाल्यांकडे ‘क्रेटर’ नावाचं एक साधन आहे. नवा बदल करण्याआधी लोकांनी जाहीर केलेले प्रोग्राम गोळा करून ते जुन्या आणि नव्या कंपायलरवर बांधून पाहतात आणि कुणाचं काय मोडतं ते मोजतात. त्यातून मोडतोड टळतेच असं नाही, पण कुणाची होणार हे आधी दिसतं.

आपल्या भागालाही असा बदल माहीत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. गाव हललं नाही, तालुका हलला नाही, पण गावाला जोडलेला जिल्हा ठाण्याऐवजी पालघर झाला. ज्यांच्या जुन्या दाखल्यांवर ‘जि. ठाणे’ आहे त्यांचा दाखला खोटा झाला नाही, तो त्या दिवसापर्यंतच्या जगात खराच आहे. कागद तपासणाऱ्याला ही तारीख माहीत हवी, एवढंच.

आता शाळेकडे येते. फ्रान्समधल्या ग्रेनोबलमध्ये १९७९-८० च्या सुमारास शिक्षकांच्या एका गटाने लहान मुलांना एक गणित दिलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी उत्तर काढलं. बेरीज केली आणि ३६ लिहिलं. मुलं मठ्ठ नव्हती. शाळेतल्या गणिताला उत्तर असतंच, आणि दिलेले आकडे वापरायचेच असतात, हे ती शाळेतच शिकली होती.

हे गणित आपल्या कुठल्याही वर्गात घालून पाहा. आपण काढतो त्या प्रश्नपत्रिकांत ‘माहिती अपुरी आहे’ हे बरोबर उत्तर किती वेळा असतं? पर्यायी प्रश्नांच्या परीक्षांत, जिथे चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तिथे आपणच मुलांना सांगतो की काही रिकामं सोडू नका, कुठलंतरी वर्तुळ काळं करा. गुणांच्या हिशेबाने हा सल्ला बरोबरच आहे. पण त्यातून मूल काय शिकतं? न कळणं आणि कळणं यांत बाहेरून फरक दिसत नाही, हे शिकतं. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात. ती एक चांगली सुरुवात आहे. ‘दोन बरोबर’ असू शकतात हे मान्य झालं, तर ‘यातून ठरत नाही’ हेही मान्य व्हायला हरकत नसावी.

आणि अंदाज फक्त मुलं करत नाहीत. उर्दू बोलणाऱ्या घरातलं मूल मराठीच्या वर्गात म्हणतं, ‘बाहेरून आवाज आली.’ वहीवर लाल फुली पडते. शेरा: लिंगविचार कच्चा. पण उर्दूत आवाज स्त्रीलिंगीच आहे. दुकानही उर्दूत स्त्रीलिंगी आणि मराठीत नपुंसकलिंगी. मुलाने नियम मोडलेला नाही, पाळलेला आहे, फक्त दुसऱ्या घरातला. फुली देणाऱ्याला एकच उमेदवार दिसत होता: मुलाला व्याकरण येत नाही. दुसरा उमेदवार त्याच्या यादीतच नव्हता. जव्हार-मोखाड्यातल्या बहुसंख्य मुलांचं घर वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी किंवा कातकरी समाजातलं आहे. घरची बोली पाठ्यपुस्तकाच्या मराठीहून वेगळी. त्यांच्या वहीतल्या किती फुल्या खऱ्या चुका असतील आणि किती घरच्या नियमाच्या असतील? हे मुलाला विचारल्याशिवाय ठरत नाही. तिथे थांबून ‘तुमच्याकडे हे कसं म्हणतात?’ असं विचारायला अर्धं मिनिट लागतं.

शाळेबाहेर हाच अंदाज महाग पडतो. बऱ्याच ऑनलाइन अर्जांत नाव रोमी अक्षरांत भरलं की शेजारी देवनागरी नाव आपोआप उमटतं. रोमी लिपीत ‘अ’ आणि ‘आ’ला एकच अक्षर, ‘त’ आणि ‘ट’ला एकच, ‘द’ आणि ‘ड’ला एकच. म्हणजे मीम-लाम-काफचाच प्रकार. त्यामुळे ‘सना’ची ‘साना’ होते आणि ‘गावित’चं ‘गवित’. सॉफ्टवेअरला दोन-चार वाचनं शक्य आहेत हे माहीत असतं, तरी ते एक निवडतं आणि कुणाला विचारत नाही. केंद्रावर बसलेला मुलगा घाईत असतो, मागे रांग असते, आईला वाचता येत नाही. अर्ज जातो. मग दोन-तीन वर्षांनी कुठल्याशा पडताळणीत नाव जुळत नाही म्हणून परत येतो. प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र. डोंगरातल्या पाड्यावरून तालुक्याला यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. काना नसलेल्या नावावर काना देण्याची चूक यंत्राची, आणि रोज बुडतो त्या बाईचा.

इथे कुणी म्हणेल: बाई, अर्ज अडवून ठेवणारं यंत्र हवंय का तुम्हाला? आधीच काय कमी अडवणूक आहे? आक्षेप खरा आहे. आपल्याकडे ‘त्रुटी’ या शब्दाचा अर्थ ‘परत या’ असा झालेला आहे. म्हणूनच कंपायलरच्या चाचण्यांत नकाराइतकाच नकाराचा मजकूरही तपासतात, ही गोष्ट मला मोलाची वाटते. चांगला कंपायलर नुसतं ‘नाही’ म्हणत नाही. कुठली ओळ, कुठली अट, शक्य असलेले पर्याय कोणते, आणि बहुतेक वेळा काय लिहिलं की काम पुढे सरकेल, हे सांगतो. आणि विचारतो तेव्हाच्या तेव्हा, लिहिणारा समोर बसलेला असताना. दोन वर्षांनी नाही. ‘सना की साना?’ असा प्रश्न पडद्यावर मोठ्या अक्षरात आला आणि नाव मोठ्याने वाचून दाखवलं गेलं, तर वाचता न येणारी आईसुद्धा उत्तर देईल. तिच्या मुलीचं नाव तिला माहीत आहे.

दुसरा आक्षेप असा की आमच्या मुलांना हे रस्टबिस्ट कशाला, साधं संगणक ज्ञान मिळालं तरी पुष्कळ. मला हा आक्षेप मान्य नाही. मोखाड्यातल्या वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, आणि पवईच्या आयआयटीत कंपायलरवर दशकानुदशकं संशोधन झालं आहे. धनंजय ढमढेरे, उदय खेडकर ही त्या क्षेत्रातली नावाजलेली नावं. ते ज्ञान उलट्या वाटेने घाट चढून वर यायला काय हरकत आहे? रस्टची कागदपत्रं संगणकावर एकदा उतरवली की इंटरनेटशिवाय वाचता येतात, त्रुटीच्या क्रमांकाचा खुलासाही तिथेच मिळतो. जिथे मोबाइलची रेंज टेकडीवर जाऊन शोधावी लागते तिथे हे छोटं काम नाही. अडचण इंग्रजीची आहे आणि ती मोठी आहे. पण त्रुटीचा संदेश वाचून ‘यंत्र मला काय विचारतंय’ हे ओळखणं, हा भाषेचाच धडा आहे. संगणकाचे आणि भाषेचे शिक्षक एकत्र बसले तर तो मराठीतून घेता येईल.

माझ्या मागण्या त्यामुळे छोट्या आहेत. प्रत्येक घटक चाचणीत एक प्रश्न असा असावा की ज्याचं बरोबर उत्तर ‘यावरून सांगता येत नाही’ हे आहे, आणि काय कळलं असतं तर सांगता आलं असतं, यालाही गुण असावेत. हा दुसरा भाग महत्त्वाचा, नाहीतर ‘माहिती अपुरी’ हेही पाठ करून लिहायचं उत्तर होईल. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने फुलीसोबत कारण लिहावं. अर्जाचं सॉफ्टवेअर स्वीकारण्याआधी त्याची चाचणी आपल्याच भागातल्या नावांवर घ्यावी: वारली आडनावं, कोकणा आडनावं, मुसलमानी नावं. जी नावं एकाहून अधिक रीतींनी वाचता येतात तिथे ते थांबून विचारतं का, एवढंच बघावं. न विचारता पुढे गेलं तर नापास.

वर्गात मी एराबचा पाठ घेते तेव्हा एक गोष्ट मुलांच्या लवकर लक्षात येते. खूण द्यायची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे, पण खूण नसल्यावर विचारायची जबाबदारी वाचणाऱ्याची. विचारणाऱ्याला मुलं हसत नाहीत, कारण सगळ्यांनाच ती जागा अडलेली असते. मोठ्यांच्या कारभारात आपण ही रीत सोडली आणि न विचारणाऱ्याला हुशार म्हणायला लागलो. एका कंपायलरच्या मागे बसलेल्या माणसांनी ती नियम म्हणून लिहून ठेवली आणि रोज तपासतात. आपल्याला निदान सहामाहीच्या पेपरात एक प्रश्न तरी घालता येईल.